'हार्ड' म्हणजे कोणाला कठीण?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते. गुरुजी इंग्रजी शिकवायचे. म्हणून आज इंग्रजीतल्याच एका शब्दावर बोलायचं मी ठरवलं. शब्द लहानसा आहे आणि या सभागृहातल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी तोंडाने उच्चारलेला आहे. तो म्हणजे 'हार्ड'.

आपल्याकडे हा शब्द शाळेच्या दारातून आला, पण आता तो शाळेत राहिलेला नाही. मुलं म्हणतात, 'पेपर हार्ड होता.' तलाठी कार्यालयात गेलं की सांगतात, 'हार्ड कॉपी आणा.' मैदानावर झेल सुटला की पोरं ओरडतात, 'हार्ड लक!' दुकानदार संगणकाची हार्ड डिस्क बदलून देतो. आणि शिकवताना आपण फळ्यावर लिहितो: हार्ड म्हणजे कठीण. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विषय तिथे संपतो.

तो तिथे संपू नये, एवढ्यासाठी मी आज इथे उभा आहे. कष्टाचं, अडचणीचं, हालाचं वर्णन करणारं विशेषण आपण कशाला लावतो, यावर पुढे बरंच काही अवलंबून असतं. पेण तालुक्यातल्या या गडबसारख्या गावात तर ते फारच अवलंबून असतं.

आधी शब्दाचं मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'हार्ट' आहे. मूळ अर्थ टणक, घट्ट, न वाकणारा. पण जुन्या जर्मानिक भाषांत तो शूराचंही विशेषण होता. रिचर्ड, बर्नार्ड, लिओनार्ड या नावांच्या शेवटी जो 'अर्ड' ऐकू येतो, तो हाच 'हार्ड'. ग्रीक भाषेतला 'क्राटोस' म्हणजे बळ, सत्ता, हा याच कुळातला शब्द मानतात. त्यातूनच 'डेमोक्रसी'चा उत्तरार्ध आला. म्हणजे अडचण हा या शब्दाचा पहिला अर्थ नव्हता, जोर हा होता. म्हणून इंग्रजीत जोराचा पाऊसही 'हार्ड' पडतो आणि जोमाने काम करणाराही 'हार्ड' काम करतो. अडचणीचा अर्थ मागाहून आला. जे हाताला टणक लागतं ते फोडायला त्रास होतो, आणि जे करायला त्रास होतो तेही मग 'हार्ड'.

आपल्या 'कठीण' शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. संस्कृतातला 'कठिन' म्हणजे घट्ट, टणक. सुपारी कठीण असते, तशी परीक्षाही कठीण असते. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या, कारण दोन्हीकडे माणसाने दगड फोडला, लाकूड तोडलं, जमीन खणली. 'संकट' शब्दाचंही तसंच आहे. संस्कृतात ते मुळात विशेषण आहे आणि त्याचा अर्थ अरुंद, चिंचोळं. लॅटिनमध्येही 'अरुंद' या अर्थाच्या शब्दापासून पुढे मनस्तापाचा शब्द झाला. इथून जवळच पेण आहे, जिथे वर्षभर गणपती घडतात, त्यामुळे आणखी एक सांगायला हवं. आपण ज्याला 'बिकट' म्हणतो, तो मूळचा 'विकट', म्हणजे अक्राळविक्राळ. आणि संकट दूर करणाऱ्या गणपतीच्या बारा नावांत 'विकट' हेही एक नाव आहे. आपल्या पूर्वजांनी अडचणीचं विशेषण देवाला देऊन टाकलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गेल्या काही वर्षांत मुंबईच्या वस्त्यांतल्या रॅप गाणाऱ्या पोरांनी 'हार्ड'ला पुन्हा कौतुकाचा शब्द केलं. 'बोहोत हार्ड' म्हणजे फारच जबरदस्त. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपटाने हा प्रयोग देशभर नेला, आणि आता गडबच्या नाक्यावरची मुलंही तो करतात. मोठी माणसं नाकं मुरडतात, पण त्यांनी आपलं 'भारी' आठवावं. भारी म्हणजे जड, ओझ्याचं. तेच आज 'भारी आहे!' असं शाबासकीचं झालं. जड उचलणाऱ्याच्या अंगात बळ असतं, म्हणून ओझ्याचा शब्द बळाचा झाला. मुलांनी शब्द बिघडवला नाही. रिचर्ड-बर्नार्डच्या काळातला अर्थ त्यांनी नकळत परत आणला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि ती व्याकरणाची आहे.

इंग्रजी माणूस म्हणतो, 'इट इज हार्ड.' यातला 'इट' कोण? कोणीच नाही. वाक्याला कर्ता लागतो म्हणून बसवलेला तो रिकामा शब्द आहे. अडचण आहे, पण ती कोणाची हे वाक्यात नाही. सांगायचं असेल तर वेगळं जोडावं लागतं, आणि न जोडताही वाक्य पूर्ण होतं.

मराठीत मात्र आपण सहज म्हणतो: 'मला जड जातं.' 'तिला अवघड वाटतं.' 'पोराला गणित कठीण जातं.' 'आम्हाला भारी पडलं.' वाक्याच्या पहिल्याच शब्दात माणूस उभा आहे, आणि तोही चतुर्थीत, म्हणजे ज्याच्याकडे काहीतरी येतं, ज्याला काहीतरी सोसावं लागतं, त्या विभक्तीत. 'जातं', 'वाटतं', 'पडतं' ही क्रियापदंही बघा. अवघडपणा वस्तूत कायमचा मुरलेला आहे असं ती म्हणत नाहीत. तो घडतो, कोणावर तरी पडतो. एकाला जड गेलेलं दुसऱ्याला हलकं जाऊ शकतं, हे या रचनेत गृहीतच आहे. मराठीतही 'हे कठीण आहे' असं म्हणता येतं हे खरं. इंग्रजीतही 'माझ्यासाठी हार्ड' म्हणता येतं हेही खरं. पण भाषेची सवय कुठे झुकते ते मी सांगतो आहे. घरातल्या बोलण्यात मराठी माणूस सोसणाऱ्याला आधी आणतो.

'अवघड' हा शब्द तर अंगात शिरलेला आहे. एका कुशीवर फार वेळ झोपलं की हात अवघडतो. पाय दुमडून पंगतीला बसलं की पाय अवघडतात. परक्या घरात माणसाला अवघडल्यासारखं होतं. आणि दिवस भरत आलेल्या बाईला आपल्या आया-आज्या 'अवघडलेली' म्हणतात. इंग्रजी 'हार्ड'ला यातलं एकही काम जमणार नाही. सांध्यातला ताठरपणा, मनातला संकोच आणि पोटातलं मूल, या तिन्हींना एकच शब्द पुरतो, कारण तिन्ही ठिकाणी शरीराला मोकळं हलता येत नाही. माझ्या मते अडचणीचा इतका जवळून घेतलेला अनुभव फार थोड्या भाषांत एका शब्दात सापडतो.

तसाच 'कष्ट'. संस्कृतात कष्ट म्हणजे पीडा, वाईट, दुःखद. मराठीने तो उचलला आणि त्याला श्रमाचा अर्थ दिला. 'कष्टाची भाकर' म्हणताना आपण दुःखाची भाकर म्हणत नाही, मानाची म्हणतो. कष्टकरी, कष्टाळू हे गौरवाचे शब्द झाले. त्रासाचा शब्द श्रमाला चिकटला आणि श्रमाने त्याला प्रतिष्ठा दिली. पण इथे एक धोका आहे. श्रम आणि पीडा एकाच शब्दात राहू लागले की पीडाही श्रमासारखीच पवित्र वाटू लागते. 'आगरी माणूस कष्टाळू आहे, तो कसंही निभावून नेतो,' असं जे कौतुकाने बोललं जातं, त्यात हा धोका लपलेला आहे. ज्याने निभावून न्यावं असं आपण म्हणतो, त्याच्यावर ओझं कोणी ठेवलं हा प्रश्न त्या कौतुकाखाली दबून जातो.

आणि इथून मी खारेपाटात उतरतो.

खारेपाटाबद्दल इंग्रजीत लिहिलं की 'हार्ड लँड, हार्ड लाइफ' असं काहीतरी लिहिलं जातं. मराठीत लिहिलं की 'खडतर जीवन', 'एकपिकी जमीन', 'नापीक पट्टा'. ही विशेषणं जमिनीला आणि आयुष्याला अशी चिकटवली जातात, जणू ती निसर्गाने दिली. तुम्ही इथले आहात, तुम्हाला जमीन मी काय सांगणार? पण छापील मजकूर बाहेरचेही वाचतील, म्हणून सांगतो. खारेपाटाची जमीन खाडीच्या भरतीखालची. बांध घालून समुद्राचं पाणी अडवायचं, पावसाचं गोडं पाणी आत धरायचं, त्याने मातीतलं मीठ धुऊन काढायचं, उघाडीतून जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि त्या गोड झालेल्या थरावर भात घ्यायचं. माणसाने पिढ्यानपिढ्या राबून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन आहे. बांध शाबूत असला तर ती पिकते. बांधाला खांड पडली, भरती आत शिरली, की मीठ बसतं आणि ते धुऊन जायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. खांड वेळेत बुजवली नाही तर तिवरं उगवतात, आणि तिवरं वाढली की तो तुकडा कांदळवन म्हणून नोंदला जातो. शेत शेतकऱ्याच्या नावावर, पण हाताबाहेर.

म्हणजे ही जमीन 'कठीण' कधी होते? बांध फुटतो तेव्हा. आणि बांध कोणी राखायचा? पूर्वी गावकरी जोळ करून, सगळे मिळून बांध घालत आणि राखत. पुढे १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आला, १९७९ साली महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा आला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू शासनाच्या खात्याकडे गेली. गावाचं काम कागदावर सरकारचं झालं. यात सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. दगडी, मोठे बांध गावाच्या ताकदीबाहेरचे होते. पण फुटलेल्या बांधामागे एक कारण असतं, एक मंजुरी असते, एक न आलेला निधी असतो. 'खडतर' म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही. उरते फक्त माती आणि तिच्यातलं मीठ.

मिठाशी झुंजणाऱ्या माणसांनी मात्र हार मानलेली नव्हती. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारी भाताची वाणं काढली, आणि त्यात 'काळा रता १-२४', 'भुरा रता ४-१०' अशी वाणं आहेत. रता हा मूळचा शेतकऱ्यांनीच टिकवलेला तांबडा भात. पुढे 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' आली. जमीन नापीकच असती, तर तिच्यासाठी भाताची वाणं निघाली असती का?

आता थोडं मागे जाऊ. वडखळवरून अलिबागकडे निघालं की पोयनाडजवळ चरी लागतं. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे शेतकऱ्यांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतल्या कुळांनी ते पाळलं, आणि ते १९३९ पर्यंत चाललं. सहा वर्षं शेतं ओस. घरात भाताचा दाणा नाही. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे धरले, मिळेल ते खाल्लं. त्या काळातल्या या लोकांबद्दल लिहिताना आजही 'हलाखीचं जीवन' हा शब्द येतो. हलाखी हा अरबी 'हलाक'पासून आलेला शब्द, आणि हलाक म्हणजे नाश, मरण.

चरीच्या शेतकऱ्यांनी काय केलं ते नीट बघा. आमचं जीवन हलाखीचं आहे, दया करा, असा अर्ज करून ते थांबले नाहीत. त्यांनी हलाखीचं कारण बोट दाखवून सांगितलं: पिकाचा मोठा वाटा घेणारा खोत, आणि त्याला तो घेऊ देणारा कायदा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली त्यांच्यात येऊन बोलले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' सुरू केलं. १९३९ साली मुंबई प्रांताचा कुळ कायदा झाला, १९४८ साली तो अधिक मजबूत होऊन आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. यातलं काहीही 'जमीन कठीण आहे' एवढंच म्हणून झालं नसतं. माती तीच होती, मीठ तेच होतं, भरतीही तीच. विशेषण जमिनीवरून काढून ते जिथलं होतं तिथे, खोतीवर, लावलं गेलं आणि मग हालचाल झाली.

पाऊणशे वर्षांनी हाच प्रश्न तुमच्या तालुक्यात पुन्हा आला. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, पनवेल, उरणमधल्या पंचेचाळीस गावांची जमीन घ्यायची होती. तेव्हा पुन्हा 'एकपिकी, कमी उत्पन्नाची' अशी विशेषणं कानावर आली. शेतकऱ्यांनी विचारलं, हेटवणे धरणाचं पाणी आम्हाला द्यायचं ठरलं होतं, ते शेतात आलं तर ही जमीन एकपिकी राहील का? लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार दिला आणि पुढे ते संपादन बारगळलं. इथे तर एका विशेषणाच्या खरेपणावरच सगळा झगडा होता: जमीन एकपिकी आहे, की एकपिकी ठेवली गेली आहे?

पाण्याचंही तसंच. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच तालुक्यातल्या हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं. आणि याच तालुक्याच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. कागदावर त्या गावांना 'टंचाईग्रस्त' म्हणतात.

या 'ग्रस्त' शब्दावर थांबायला हवं. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. पूरग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. इंग्रजीत याला 'अफेक्टेड' म्हणतात, ज्याच्यावर काही परिणाम झाला आहे असा, सौम्य शब्द. मराठी शब्द सौम्य नाही. तो गिळणाऱ्याचं नाव पहिल्याच पदात सांगतो: प्रकल्पाने गिळलेला. आणि म्हणूनच रायगडमध्ये 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द नुसता दुःखाचा राहिला नाही, हक्काचा झाला. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान इथे शेतकरी उभे राहिले, पाच जण गोळीबारात गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. त्या साडेबारा टक्क्यांना पात्र कोण? जो प्रकल्पग्रस्त म्हणून सिद्ध होतो तो. विशेषणावर घर उभं राहू शकतं, ते असं. पण 'टंचाईग्रस्त' म्हटलं की गिळणारी कोण? टंचाई. आणि टंचाई कोणी केली ते तो शब्द सांगत नाही. ग्रस्त जोडलं म्हणजे प्रामाणिकपणा आला असं नाही. त्याच्या आधी काय ठेवलं आहे ते तपासावं लागतं.

सरकारी मराठीतला दुसरा शब्द शिक्षकांना चांगला ठाऊक आहे: 'अवघड क्षेत्र'. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ च्या धोरणात शाळांची 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' अशी विभागणी झाली. पुढे २०२१ च्या शासन निर्णयात त्याचे निकष आले: डोंगरी भाग, अतिवृष्टी, वाहनाची सोय नसणं, मोबाइलचा संपर्क नसणं, महामार्गापासूनचं अंतर, असे. विशेषणाला मोजमाप देण्याचा हा प्रयत्न मला स्वागतार्ह वाटतो. नुसतं 'कठीण' म्हणण्यापेक्षा का कठीण ते लिहिणं केव्हाही बरं. पण तो अवघडपणा मोजला कोणाच्या बाजूने? तिथे जाणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने. शिक्षकाला काही वर्षं तिथे काढली की बदलीचा अधिकार मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. तिथे जन्मलेल्या मुलाला 'अवघड क्षेत्रातला' म्हणून काय मिळतं? ते मूल पावसाळ्यात त्याच ओढ्यातून शाळेत येतं, आणि त्याच्या बदलीचा अर्ज कोणी घेत नाही. 'मला जड जातं' म्हणणारी आपली घरातली मराठी कागदावर गेली की तिच्यातला 'मला' बदलतो. त्या मुलाचा 'मला' कागदावर येईल तेव्हा ते विशेषण पुरं होईल.

अडचण कोणाची हे विचारण्याचं कायद्यात एक चांगलं उदाहरण आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, आणि पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही, मालकाला स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तर न्यायालयाने नुसतं 'हार्डशिप आहे का' एवढं बघायचं नसतं. जागा रिकामी करून दिली तर भाडेकरूला जास्त झळ बसेल, की नाही दिली तर मालकाला, हे तोलायचं असतं. तिथे 'हार्ड'पासून झालेल्या या नामाला दोन माणसं जोडलेली आहेत, समोरासमोर, आणि निवाडा त्यांच्यामध्ये करायचा आहे. अडचणीबद्दल बोलण्याची याहून न्याय्य रीत मला दिसत नाही. कारखाना येतो, रस्ता रुंद होतो, धरण बांधलं जातं, तेव्हाही 'थोडा त्रास होईलच' असं म्हणण्याऐवजी कोणाला किती त्रास आणि कोणाला किती लाभ, असं समोरासमोर तोललं जावं.

रस्त्याचा विषय निघालाच. तुमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्यानंतर किती पावसाळ्यांत बातम्या आल्या की 'कोकणचा प्रवास खडतर'. प्रवास खडतर नव्हता. रस्ता अपुरा ठेवला गेला होता. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्या वाक्यावर माणूस सुस्कारा टाकतो, दुसऱ्यावर तो जाब विचारतो.

इथे बसलेल्या शिक्षकांसाठी थोडं. हार्ड शिकवताना 'हार्डली' वेगळं शिकवा, कारण 'ही वर्क्स हार्डली' लिहिणारा मुलगा 'तो कष्ट करतो' असं सांगायला जातो आणि 'तो जवळजवळ कामच करत नाही' असं लिहून बसतो. 'हार्ड वॉटर'ला पाठ्यपुस्तकात 'दुष्फेन पाणी' म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाला सहज फेस येत नाही ते. तुमच्या गावात खारं पाणी, मचूळ पाणी, गोडं पाणी हे भेद मुलं चालायला लागतात तेव्हापासून जाणतात. त्या ज्ञानावरून दुष्फेनकडे जा, उलट नको. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला आणि कँडीने १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पुरा केला, तेव्हापासून आपण शब्दाला शब्द लावत आलो आहोत. ते काम थोर आहे. पण एका 'हार्ड'समोर कठीण, अवघड, जड, बिकट, खडतर, हलाखीचं, कष्टाचं, चिवट हे सगळे उभे आहेत, आणि त्यातला कोणता निवडायचा हे कोश सांगू शकत नाही. ते ठरवायला आधी विचारावं लागतं: अडचण कामात आहे, वाटेत आहे, परिस्थितीत आहे, की माणसाच्या अंगात? मुलांना हा प्रश्न विचारायला लावा. आगरी घरातलं मूल 'कठीन' म्हणालं, 'पानी' म्हणालं, तर ण-न वरून त्याला खाली बसवू नका. त्याच्या तोंडी अडचणीचे जे शब्द आहेत, ते आपल्या कोशांत अजून पुरते आलेले नाहीत.

तरुणांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना माझी विनंती अर्जांबद्दल आहे. सरकारला लिहिताना 'आमची परिस्थिती अत्यंत बिकट आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहू नका. अशा वाक्यांचे अर्ज कार्यालयांत थप्प्या लागून पडलेले असतात. लिहा, कोणत्या बांधाला कोणत्या तारखेला खांड पडली, किती एकरात खारं पाणी शिरलं, किती घरांचं भात गेलं, कोणत्या खात्याला कधी कळवलं आणि त्यावर काय झालं. पाण्याबद्दल लिहाल तेव्हा किती दिवसांआड पाणी येतं, कोणाच्या डोक्यावर किती लांबून येतं, ते लिहा. आजीला, आईला विचारा, त्यांनी काय सोसलं आणि त्याला त्या काय म्हणायच्या. ते शब्द वहीत उतरवा, कारण ते त्यांच्या पिढीबरोबर जातील. हे काम एका पावसाळ्यात एका गावाला करता येण्यासारखं आहे, आणि ते गडबने आधी करावं, अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.